दांडा धरायला कुणीतरी

तर हेडमास्तर रुमालानं मान पुसत उभे, आणि हा आपला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीच्या दाराला टेकवून, मूठ कानाशी धरून उभा, इथवर आलो होतो. हेडमास्तरांच्या गाडीतून येणाऱ्या खडखडीची चार गॅरेजवाल्यांनी चार निदानं केली होती. एक म्हणे बेअरिंग, दुसरा म्हणे ब्रेक, तिसऱ्यानं तर चांगलं चाक काढून दुसरं घातलं होतं, आणि चौथ्यानं हेडमास्तरांनाच कान तपासून घ्यायला सांगितलं होतं. ह्यानं गाडी जरा पुढंमागं करायला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "मागच्या डाव्या दारात गोटी आहे. काचेची." दाराचं आतलं कव्हर उघडलं, आणि निघाली की गोटी! हिरवी, पोटात पिवळं पान असलेली. हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण ती त्यांनीच वर्गात कुणाकडून तरी जप्त केली होती आणि गाडीच्या खिडकीच्या कडेवर ठेवून विसरले होते.

शेजारच्या टायरवाल्यानं त्याच दिवशी त्याचं बारसं केलं. म्हणाला, "गाणारे गल्लोगल्ली असतात. आमच्याकडे ऐकणारा आहे. कानसेन!" तेव्हापासून सगळं गाव त्याला कानसेन म्हणतं. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त वीजबिलावर येतं.

ही गोष्ट त्या कानाचीच आहे; पण त्या कानानं एकदा सपशेल माती खाल्ली, तिची.

कानसेनचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक उंच शेड. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी जागा, मधे एक खड्डा, भिंतीला पाने टांगलेले, प्रत्येक पान्याच्या मागं रंगानं त्याची आकृती काढलेली, म्हणजे कोणता जागेवर नाही ते लांबून दिसावं. शेडच्या मागच्या भिंतीत एक दार, आणि दारापलीकडे त्याचं घर: एक खोली, एक मोरी, एक शेगडी. बायको होती तोवर ते दार दिवसभर उघडं असायचं. ती होती तशी दिसायला किरकोळ, आवाजही असा की शेजारच्या माणसाला पुन्हा विचारावं लागे. पण गॅरेजातलं निम्मं काम तिच्या हातचं होतं. गाडीचा सुटा केलेला प्रत्येक बोल्ट ती अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात ठेवायची आणि खळग्याशेजारी खडूनं आकडा घालायची. ज्या क्रमानं निघालं, त्याच्या उलट क्रमानं बसलं पाहिजे. शेवटी ट्रे रिकामा झाला की गाडी पूर्ण झाली. एक जरी खळगा भरलेला दिसला तर ती किल्ली द्यायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

आणि गिअरबॉक्सचं काम आलं की दोघांची एक निराळीच भाषा चालायची. मोठ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी आतले सहा बोल्ट काढावे लागतात, आणि ते दिसतात एका बारक्या झरोक्यातून, एका वेळी एकच. दुसरा बोल्ट झरोक्यात यायचा तर इंजिन हातानं फिरवावं लागतं. म्हणजे एक माणूस गाडीखाली, दुसरा पुढं, पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून. शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडतोय, ओरडून काही कळायचं नाही. तेव्हा ह्या दोघांनी ठरवून टाकलं होतं. खालून चेसिसवर पान्यानं दोनदा ठोकलं की फिरव. एकदा ठोकलं की थांब. तीनदा ठोकलं की पुढं गेलं, मागं घे. वीस वर्षं तेवढ्यावर चाललं. टायरवाला म्हणायचा, "जगात नवरा-बायको बोलून बोलून भांडतात. हे दोघं दिवसभर बोलत नाहीत, नुसती ठोकाठोकी करतात, आणि संसार बघा कसा सुरळीत!"

ती गेली त्याला चौदा महिने झाले होते. छातीचं दुखणं, तीन आठवडे अंथरूण, आणि एका दुपारी संपलं. कानसेन रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट काळजाचा माणूस. कुणी म्हणालं, आतल्या आत कुढतोय. ह्यातलं काहीच नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात ना, मग गाल आपलाच असून आपला राहत नाही, जीभ लावून बघावं तर दुसऱ्याच कुणाचं सामान तोंडात ठेवल्यासारखं, तसं त्याचं झालं होतं. फक्त गालापुरतं नाही, सबंध. वेळ झाली की तो जेवायचा. वेळ झाली की शटर वर करायचा. गाड्यांचं तेल बदलायचा, ब्रेक लावायचा, बॅटऱ्या बघायचा. गिअरबॉक्सचं काम आलं की मात्र म्हणायचा, "दुसरीकडे न्या, माझ्याकडे वेळ नाही." वेळ तर ढीगभर होता. असं आपण का म्हणतो, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

आता त्याची बहीण. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, एकसष्टीला आलेली, आणि हा सहा फुटी गडी तिच्यासाठी अजून "छोट्या". तिच्याकडे मधमाश्यांच्या चाळीस पेट्या. ज्या बागेला फुलोरा त्या बागेत पेट्या नेऊन मांडायच्या, फुलं संपली की उचलून पुढच्या बागेत. त्यासाठी तिच्याकडे एक दांडगी डिझेल पिकअप होती, मागं ट्रेलर जोडायची, घोड्यासारखी ताकद. दाजी होते तेव्हा दाजी चालवायचे. ते गेल्यावर ताई स्वतः चालवायला लागली, आणि खरं सांगायचं तर दाजींपेक्षा बरी चालवायची, फाटकांचे खांब तरी शाबूत राहिले.

सहा आठवड्यांपूर्वी ती गाडी टकटक करायला लागली. ताईनं ती गॅरेजसमोर आणून उभी केली, इंजिन चालूच. टक, टक, टक, टक. कानसेन टेबलाशी काहीतरी कानशीनं घासत होता. तिथूनच त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "इंजिन गेलं. आतला रॉड ठोकतोय. दुरुस्तीत घालण्यासारखं काही उरलं नाही, भंगारात दे."

टायरवाला दारात उभा होता. "काय रे कानसेन, आज लांबूनच? स्क्रूड्रायव्हर खिळ्यावरच?"

"ऐकू येतंय की."

झालं. ज्याच्या कानावर अख्खं गाव विश्वास ठेवतं त्याच्यावर सख्खी बहीण नाही ठेवणार? तिनं एका शब्दानं विचारलं नाही. आणि गाडी गेली म्हणजे माश्या गेल्या. चाळीस पेट्या काय डोक्यावरून न्यायच्या? पेट्या दुसऱ्या एका मधवाल्याला द्यायचं ठरलं, आणि लेक कधीची मागं लागलीच होती, "आई, इकडे ये राहायला," तिलाही होकार गेला.

असं सगळं ठरल्यावर एका मंगळवारी सकाळी ती गाडी घेऊन आली. काच खाली करून म्हणाली, "छोट्या, शुक्रवारी दुपारी बारा वाजता भंगारवाला इथूनच उचलणार आहे. माझ्या अंगणात त्याची क्रेन वळत नाही. तोवर उभी करू दे आत."

"कर."

"शनिवारी लेक येतेय न्यायला. तिसऱ्या मजल्यावर खोली आहे म्हणते. खिडकीत कुंड्या ठेवता येतील. कुंड्या! चाळीस पेट्या सोडून मी सहा कुंड्यांना पाणी घालत बसू."

तो फडक्यानं हात पुसत राहिला. ताई गाडीतच बसून राहिली, इंजिन चालू, दोन्ही हात चाकावर.

"मी गेले तर तुला काही वाटेल का रे?"

कानसेननं विचार केला. खरोखर केला, आत हात घालून चाचपडून पाहिलं. काही लागलं नाही हाताला. त्या दोघा भावंडांखेरीज आता घरचं म्हणावं असं त्या गावात कुणी नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं निराळं.

"तुझं तू बघ, ताई," तो म्हणाला.

तिनं मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे तिला माहीत होतं, आणि गाडी मागं घेत शेडमध्ये घालायला लागली. मागं, पुढं, जरा डावीकडे. गिअर टाकला की टकटक बंद. काढला की पुन्हा सुरू.

"बघ हिची तऱ्हा," ताई खिडकीतून म्हणाली. "गिअरात असली की गप्प, मोकळी झाली की बडबड. अगदी तुझे दाजी. कामाला जुंपलं की शब्द नाही, आणि बसले रिकामे की झालं सुरू."

कानसेनच्या हातातलं फडकं थांबलं.

रॉड ठोकत असता तर तो ओझं पडल्यावर जास्त ठोकला असता. गप्प बसला नसता. हे त्याला विसाव्या वर्षीच कळत होतं. सहा आठवडे हा आवाज त्याच्या डोक्यात होता, आणि त्यानं तो ऐकलाच नव्हता.

त्यावर गप्प बसणं सोपं होतं. गाडी शुक्रवारी गेली असती, ताई शनिवारी, आणि कुणाला कधी पत्ता लागला नसता. तो खिळ्याकडे गेला, स्क्रूड्रायव्हर काढला. त्याच्या मुठीवर धूळ बसली होती, ती त्यानं पुसली.

"बंद करू नकोस. मोकळीच ठेव," म्हणाला, आणि खाली वाकला. टोक इंजिनच्या पोटाला लावलं: आतला आवाज गोल, गुळगुळीत, धडधाकट. मागं सरकला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला लावलं: टक, टक, टक, थेट कवटीत. मग इंजिन बंद करायला लावून तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला, झरोक्यावरचं पातळ झाकण काढलं, बॅटरी मारली. आत गंजाच्या पिठासारखी तांबडी पूड सांडलेली, आणि चकतीवर बोल्टांच्या कडेकडेनं गेलेली एक बारीक काळी भेग, नकाशावरच्या नदीसारखी वळणं घेत.

तो बाहेर आला तेव्हा ताई आणि टायरवाला दोघंही उभे होते.

"इंजिन धड आहे," कानसेन म्हणाला.

टायरवाल्यानं आपलाच कान चोळला.

"इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे एक चकती असते. फ्लेक्सप्लेट म्हणतात. ताटाएवढी, पातळ, कडेला दाते. एका अंगानं इंजिन ओढतं, दुसऱ्या अंगानं गिअरबॉक्स. सगळी ओढाताण तिच्यावर. ती तडकली आहे."

"म्हणजे घरातली सून म्हण की," ताई म्हणाली, पण हसली नाही. "आणि सहा आठवडे काय होतं मग?"

"मी ऐकलं नाही."

"तू? तू ऐकलं नाहीस?"

"नाही."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो आपला छोट्या आहे की दुसराच कुणी कपडे घालून आलाय. मग म्हणाली, "भंगारवाल्याला मी शब्द दिलाय. शुक्रवारी बारापर्यंत ही चालली तर ठीक. नाही चालली तर जाईल, आणि मीही जाईन. पुन्हा पुन्हा सामान बांधायचं-सोडायचं माझ्याच्यानं होणार नाही."

पार्टवाल्याला फोन केला. नवी चकती गुरुवारी दुपारी येणार. म्हणजे बुधवारी गिअरबॉक्स उतरलाच पाहिजे.

बुधवारी सकाळी प्रश्न आला तो दांड्याचा. टायरवाला पुढं झाला खरा, पण त्याच्या कमरेला पट्टा. वाकला की कण्हायचा आणि कण्हला की थांबायचा. ताईनं त्याच्या हातातून दांडा काढून घेतला. "तुम्ही बसा. तुम्हाला उचलायला पुन्हा जॅक लागेल."

कानसेन खाली गेला. झरोक्यात पहिला बोल्ट समोरच होता, तो काढला. आणि सवयीनं, काही न बोलता, चेसिसवर दोनदा ठोकलं.

काहीच हललं नाही.

त्यानं पुन्हा दोनदा ठोकलं.

"कुणाचं दार वाजवतोयस?" वरून आवाज आला. "तोंड आहे ना तुला?"

तो खाली अंधारात पडून राहिला. तोंडानं सांगायचं हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. "फिरव," तो म्हणाला. कॉम्प्रेसरच्या आवाजात ते त्यालाही ऐकू आलं नाही. मग ओरडला, "फिरव!"

डिझेल इंजिन हातानं फिरवायचं म्हणजे सोपं नाही. आतली हवा दाबली जाते तोवर दांडा रेटून रेटून घाम फुटतो, आणि टोक ओलांडलं की तेच इंजिन एकदम पुढं उडी मारतं. ताईला हे कुठून ठाऊक असणार? दुसरा बोल्ट आला, तिसरा आला. चौथा झरोक्याच्या कडेला दिसला, ह्यानं बोट आत घालून चाचपला आणि हातानं आपसूक एकदा ठोकलं. एकदा म्हणजे थांब. पण ताईसाठी ती नुसती ठोक होती. तिनं आणखी एक रेटा दिला, इंजिननं उडी मारली, आणि बोट बोल्ट आणि पोलादाची कड ह्यांच्या मधे सापडलं.

"मागं घे," तो म्हणाला. आवाज चढवला तो फक्त कॉम्प्रेसरच्या वर जावा म्हणून.

बाहेर आला तेव्हा बोटाचं नख उचललं गेलं होतं आणि रक्त मनगटापर्यंत. ताईचा दांडा हातातून पडला. "अगं आई गं! छोट्या!"

तो बोटाकडे बघत होता. उलटसुलट करून बघत होता, गिऱ्हाईकानं आणून दिलेला पार्ट बघावा तसा.

"दुखत नाही?"

"नाही."

"अरे, नख लोंबतंय!"

"दिसतंय मला. दुखत नाही."

ताईनं बोट धुतलं, फडकं बांधलं, आणि बांधता बांधता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला बोटापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. मग ती खड्ड्याच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "ते ठोकायचं काय असतं, ते एकदा नीट सांग बघू."

त्यानं सांगितलं. दोन म्हणजे फिरव. एक म्हणजे थांब. तीन म्हणजे मागं.

"हे तुमच्या दोघांचं?"

"हं."

"आणि मला वाटायचं, तुम्ही दोघं कामाच्या नादात बोलत नाही." ती उठली, दांडा उचलला. "चल. ठोक."

उरलेले तीन बोल्ट निघाले. मग शाफ्ट, तारा, तेलाच्या नळ्या, स्टार्टर, खालचा आडवा पट्टा. तो काढून देई, ताई हातात घेई. तिनं कपाटावरून अंड्याचे पुठ्ठे काढले, खडू शोधला, आणि एकेका खळग्यात बोल्ट ठेवत गेली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. भावजयीचं बघून बघून माहीत होतं. तिसऱ्या प्रहरी जॅकवर गिअरबॉक्स तोलला, सांध्याचे बोल्ट काढले आणि सगळं धूड हळूहळू मागं सरकवलं. चकती उघडी पडली. काढून हातात घेतली तर मधला भाग कडेपासून जवळजवळ सुटलेला. दोन बोटांनी वाकवली तर किरकिरली.

नुसत्या ओझ्यानं चकती अशी तडकत नाही. कानसेननं बॅटरी इंजिनच्या मागच्या तोंडावर फिरवली. तिथं दोन जाड पिना असतात, करंगळीच्या पेराएवढ्या. गिअरबॉक्स नेमका समोर बसावा म्हणून त्या वाट दाखवतात. डावीकडची पिन होती. उजवीकडचं भोक रिकामं होतं.

गिअरबॉक्स केसभर तिरका बसला होता, आणि केसभर तिरकेपणा चकती मिनिटाला हजारदा सोसत होती. चौदा महिने.

कारण चौदा महिन्यांपूर्वी ह्याच गाडीचा गिअरबॉक्स तेल गळतं म्हणून त्यानंच उतरवला होता. बायको मागच्या खोलीत अंथरुणावर. दांड्याला कुणी नाही. तो खालून निघून पुढं जायचा, इंजिन फिरवायचा, पुन्हा खाली जायचा, पुन्हा पुढं. आणि मधेमधे खोलीत डोकावून यायचा. ट्रे नाही, खडू नाही. सुटे बोल्ट एका डब्यात ओतलेले.

तो उठला. मागच्या खोलीत गेला. शेगडीशेजारच्या फळीवर साखरेच्या डब्याला लागून एक पत्र्याचा डबा होता. रोज सकाळी चहा करताना तो दिसायचा. त्यानं तो उपडा केला. चार वॉशर, एक तुटका नट, आणि पिन.

बाहेर येऊन त्यानं ती ताईच्या तळहातावर ठेवली.

"ही काय?"

"तुझ्या गाडीची. मीच घालायची विसरलो होतो. चकती माझ्यामुळं तडकली, आणि मग मीच तुला सांगितलं की इंजिन गेलं."

त्यानं हे ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात माणसं किती वाजले ते सांगतात. ताईनं पिन बोटांत फिरवली. तिला रागावायचं असेल तर ती वेळ होती, आणि हक्कही होता: सहा आठवडे झोप नाही, पेट्या दुसऱ्याच्या नावावर, सामानाच्या दोऱ्या बांधून तयार.

"हे काम तू कधी केलं होतंस?" तिनं विचारलं.

"ती आजारी होती तेव्हा."

"त्या आठवड्यात तू जेवायचासुद्धा विसरत होतास. मीच ताट घेऊन यायचे आणि तसंच परत न्यायचे." तिनं पिन एका रिकाम्या खळग्यात ठेवली, खडूनं शेजारी आकडा घातला. "आता विसरणार नाही. चल, हात धू."

चकती गुरुवारी दुपारी आली, पण खोटं सांगायचं नाही, पहिली चुकीची आली. दाते बरोबर, भोकं भलतीकडे. पार्टवाल्याला टायरवाल्यानं फोनवर असं काही सुनावलं की तो माणूस स्वतः दुचाकीवर दुसरी चकती पाठीला बांधून संध्याकाळच्या आत हजर झाला. टायरवाला म्हणाला, "कमरेला पट्टा आहे, जिभेला नाही."

शुक्रवारी सकाळी पिन ठोकून बसवली. चकती चढवली, आठ बोल्ट, एकदम आवळायचे नाहीत. समोरासमोरचे, आधी निम्मे, मग पुरे. ह्यानंतरचा भाग सगळ्यात नाजूक. गिअरबॉक्सच्या तोंडात भोपळ्याएवढा एक गोल पोलादी डबा बसतो, कन्व्हर्टर. तो हातानं फिरवत फिरवत आत ढकलायचा, आणि तीनदा खट असं व्हायला पाहिजे. दोनच खट झाले आणि माणसानं घाईनं बोल्ट आवळले की आतला पंप फुटला, आणि मग खरोखरच भंगार.

पहिला खट झाला. दुसरा झाला. कानसेन फिरवत राहिला. घड्याळात अकराला वीस मिनिटं कमी.

"झालं का?" टायरवाल्यानं विचारलं.

"दोन झाले."

"मला तर तीन ऐकू आले."

"एक तुझ्या कमरेचा होता," ताई म्हणाली.

कानसेननं डोळे मिटले. बांधलेलं बोट बाजूला धरून दोन्ही तळवे डब्यावर ठेवले, जरा उचलून, जरा फिरवून, पुन्हा जरा उचलून. कॉम्प्रेसर बंद होता. टायरवाल्यानं तो कधी बंद केला कुणास ठाऊक. खट. हा तिसरा बारीक होता, आणि तो शेडमध्ये फक्त एका माणसाला ऐकू आला. त्यानं पट्टी लावून खोली मोजली, मान हलवली.

मग गिअरबॉक्स पुढं सरकवला. दोन पिना दोन भोकांत सरळ गेल्या, काही रेटावं लागलं नाही. आणि तो पुन्हा खाली गेला, झरोक्याशी, सहा बोल्ट घेऊन.

दोनदा ठोकलं. इंजिन फिरलं. एकदा ठोकलं. थांबलं. दोनदा, फिरलं. एकदा, थांबलं, जिथल्या तिथं. चौथ्या बोल्टाला ताईकडून जरा पुढं गेलं, त्यानं तीनदा ठोकलं, आणि ते मागं आलं, अगदी हळू, बोट असेल तर सांभाळून. तो खाली पडल्या पडल्या त्या झरोक्याकडे बघत राहिला. बोल्ट समोर होता आणि त्याच्या हातानं बराच वेळ काही केलं नाही. वरून काही विचारणा झाली नाही. दांडा तसाच धरून ठेवलेला होता.

बाराला दहा मिनिटं असताना ट्रे रिकामे झाले. ताईनं प्रत्येक खळगा बोटानं चाचपून पाहिला, मगच किल्ली दिली. इंजिन चालू केलं. मोकळ्या गिअरात. टकटक नाही. गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला. नाही. स्क्रूड्रायव्हर सांध्याला लावला, तिथंही नुसती घरघर.

भंगारवाला बरोबर बाराला आला, क्रेनसकट. खाली उतरला, चालू इंजिनसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "ताई, हिला भंगार म्हणता? मग मलाही घाला क्रेनवर. माझा तर ह्याहून जास्त आवाज येतो." चहा पिऊन तो परत गेला. टायरवाला त्याला वाटेला लावायला म्हणून गेला आणि सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत तिकडेच अडकला.

ताई पिकअपचं मागचं फळकं पाडून त्यावर बसली, चहाचा कप मांडीवर. कानसेन शेजारी फळक्याला टेकून उभा. त्यानं कप हातात घेतला आणि लगेच दुसऱ्या हातात घेतला. सैल झालेल्या फडक्याच्या कडेनं बोट काळंनिळं दिसत होतं, आणि गरम कपाशी बोट ठसठसायला लागलं होतं. आधी त्याला वाटलं, इंजिनचीच धडधड फळक्यातून येतेय. इंजिन तर बंद होतं.

"मधवाल्याला आजच फोन करावा लागेल," ताई म्हणाली. "पेट्या राहिल्या तर राहिल्या. लेकीचं काय, ती रागावेल आणि महिन्यानं विसरेल. पण छोट्या, गाडी चालली म्हणून मी राहणार नाही. गाडी काय, विकता येते. मंगळवारी एक विचारलं होतं तुला. पुन्हा विचारते, आणि तुझं तू बघ असं म्हणालास तर उद्या खरंच जाईन. मी गेले तर तुला काही वाटेल का?"

कानसेननं ह्या वेळीही आत हात घालून पाहिलं, आणि ह्या वेळीही फार काही हाताला लागलं नाही. कप त्यानं फळक्यावर ठेवला, फडक्यातलं बोट दुसऱ्या मुठीत धरलं, आणि म्हणाला:

"वाटण्याचं मला अजून काही कळत नाही, ताई, खोटं कशाला सांगू, पण मघापासून बोट दुखतंय, चांगलंच दुखतंय, आणि ते सांगायला इथं कुणीतरी पाहिजे, तेव्हा तू राहा."